दांडेलीच्या काळी नदीकाठी सहकुटुंब मुक्काम: कोणता कॅम्प निवडावा

कर्नाटकातल्या दांडेली आणि गणेशगुडीच्या कॅम्पांची चौकशी केली की येणारे उत्तर बहुतेक वेळा एकसारखेच असते. राफ्टिंग, कयाक, झिपलाइन, नदीतली ‘नैसर्गिक जकूझी’, रेन डान्स, शेकोटी, चहा-नाश्त्यासह दोन्ही वेळचे जेवण आणि शेवटी माणशी दर. मित्रमंडळींच्या सहलीला एवढी माहिती पुरत असेल. पण सोबत सहा-सात वर्षांची मुले आणि गुडघेदुखीने बेजार झालेले आजी-आजोबा असतील, तर या यादीवरून काहीच ठरवता येत नाही, कारण पाण्यातले खेळ पुष्कळदा कॅम्पचे स्वतःचे नसतात आणि निरनिराळ्या कॅम्पांच्या पाहुण्यांना त्याच त्या ठरावीक बोटिंगच्या जागी नेले जाते. खरा फरक पडतो तो दोन गोष्टींनी. कॅम्पच्या हद्दीत नदीचा काठ येत असेल तर त्या काठावर कोणाचे लक्ष असते, ही पहिली. आणि रात्री दहानंतर तिथे काय चालते, ही दुसरी. या खोऱ्यातल्या सरकारी आणि खासगी, अशा दोन्ही प्रकारच्या कॅम्पांत आमच्या घरातल्या तीन पिढ्या राहिल्या आहेत, आणि त्या अनुभवावरून हे परीक्षण मी याच दोन कसोट्यांवर लिहीत आहे.

काळी नदी उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यात दिग्गी गावाजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. वाटेत तिच्यावर सुपा येथे १०१ मीटर उंचीचे धरण आहे. धरणाच्या पायथ्याशी गणेशगुडी वसले आहे आणि तिथून दांडेलीपर्यंत नदी दाट झाडीमधून, खडकांच्या पायऱ्या उतरत वाहते. पांढऱ्या पाण्यातले राफ्टिंग होते ते याच पट्ट्यात. दांडेलीच्या पुढे बोम्मनहळ्ळीचा बांध असल्यामुळे तिथे पाणी पुन्हा पसरट आणि संथ होते. म्हणजे कॅम्पांचे ढोबळमानाने दोन गट पडतात: गणेशगुडीकडचे, जिथे प्रवाह जोरदार आहे, आणि दांडेलीकडचे, जिथे नदी रुंद असून तिला गावाची सोबत आहे. बेळगावहून खानापूर-लोंढा मार्गाने किंवा गोव्याहून अनमोड घाट चढून येणाऱ्यांना वाटेत रामनगर लागते. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या जुन्या सुपा गावातल्या लोकांचे पुनर्वसन याच रामनगरात झाले. या सगळ्या टापूत मराठी आणि कोंकणी सर्रास चालत असल्याने आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना इथे परके वाटत नाही, आणि सहकुटुंब मुक्कामाच्या दृष्टीने ही लहानसहान सोय नाही.

सुप्याच्या धरणाशी वीजनिर्मिती जोडलेली आहे आणि खालच्या नदीची पातळी बहुतांशी त्या विसर्गावर ठरते. पाऊस नसताना, आकाश निरभ्र असताना, सकाळी गुडघाभर पाणी असलेल्या जागी दुपारी कमरेपर्यंत पाणी येऊ शकते, आणि ते येताना पुरासारखा आवाज किंवा गढूळपणा असेलच असे नाही. कोकणात किंवा देशावर नदीकाठी वाढलेल्या माणसाची नजर ढगांकडे पाहून पाण्याचा अंदाज बांधायला सरावलेली असते. तो अंदाज या नदीवर लागू पडत नाही. म्हणून कॅम्पवाल्याला विचारण्याचा पहिला प्रश्न हाच असला पाहिजे: आज पाणी किती वाजता सुटणार आहे, आणि ते तुम्हाला कोण कळवते? चांगल्या कॅम्पवर या प्रश्नाचे उत्तर वेळ आणि माणूस या दोन्हींसह ताबडतोब मिळते. ‘काही होत नाही, रोज लोक उतरतात’ असे उत्तर मिळाले, तर तो कॅम्प बाकी कितीही सुंदर असला तरी मुलांना घेऊन तिथे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काठावरच्या खडकांवर ओलीची रेघ कुठवर आहे हे पाहून आपल्यालाही थोडा अंदाज येतो; मुले त्या रेघेच्या वरच खेळतील, असा घरातला नियम पहिल्या संध्याकाळीच करून टाकावा.

नदीची दुसरी वस्तुस्थिती मगरींची आहे. काळी नदीत, विशेषतः दांडेली शहराच्या आसपासच्या संथ पट्ट्यात, मगरींची वस्ती आहे आणि काठावरच्या माणसांवर त्यांनी हल्ले केल्याच्या घटना घडलेल्या आहेत. ही माहिती जाहिरातीत नसते. ती दडवणारा कॅम्प आणि ‘इथे नदीत उतरायचे नाही, मगरी आहेत’ असे पाहुण्यांना आल्याआल्या सांगणारा कॅम्प, यांत दुसरा अधिक विश्वासाचा आहे, हे उघड आहे. पाहुण्यांना भीती वाटेल म्हणून न बोलणे हा आतिथ्याचा भाग होऊ शकत नाही. संथ पाण्याच्या काठी कपडे धुणे, पाय सोडून बसणे, अंधार पडल्यावर काठाने फिरणे, मुलांनी उथळ पाण्यात मासे धरायला जाणे या गोष्टी दांडेलीकडच्या भागात पूर्ण टाळाव्यात. कॅम्प आणि नदी यांच्यामध्ये कुंपण, निदान कमरेएवढी दाट जाळी आणि एकच ठरावीक वाट असावी. त्या वाटेवर रात्री दिवा असावा. ज्या कॅम्पांत तंबूच्या दारातून थेट पाण्यात पाय टाकता येतो, त्यांचे छायाचित्र सर्वांत मोहक येते आणि लहान मुलांसाठी तेच सर्वांत गैरसोयीचे असतात.

आता प्रत्यक्ष कॅम्पांकडे वळतो.

दांडेलीपासून सुमारे बारा किलोमीटरवर कुळगी येथे कर्नाटक वनखात्याचा निसर्ग कॅम्प आहे. सहा ते चौदा वर्षांची मुले सोबत असतील तर माझी पहिली पसंती निःसंशय याच जागेला आहे. हा कॅम्प नदीकाठी नाही, तो जंगलात आहे, आणि सहकुटुंब जाणाऱ्यांसाठी ती त्याची उणीव नसून मोठी जमेची बाजू आहे: मुले तंबूपासून भोजनगृहापर्यंत एकटी जाऊ शकतात आणि आईवडिलांचा जीव टांगणीला लागत नाही. चौथऱ्यावर उभारलेले तंबू, आत खाटा, सामायिक भोजनगृह आणि निसर्गाची ओळख करून देणारे माहिती केंद्र अशी रचना आहे. या माहिती केंद्राकडे पुष्कळ पाहुणे फिरकतही नाहीत, पण सायंकाळी तासभर तिथे घालवून दुसऱ्या दिवशी जंगलात गेलेल्या मुलांचे प्रश्न निराळेच असतात, हे मी स्वतः पाहिले आहे. जेवण साधे आहे, खोलीत टीव्ही नाही, संगीताचा धिंगाणा नाही आणि दिवे लवकर मालवतात. ज्यांना बडदास्त हवी आहे त्यांना ही जागा रुक्ष वाटेल. मला मात्र रात्री तंबूच्या कापडावर पडणाऱ्या दवाच्या थेंबांचा आवाज मुलांना ऐकू येणे हे या सहलीचे प्रयोजनच वाटते, आणि तो आवाज ऐकू येण्याइतकी शांतता या खोऱ्यात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. आरक्षण वनखात्याच्या निसर्ग पर्यटनाच्या संकेतस्थळावरून होते. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीतल्या जागा लवकर भरतात, त्यामुळे ऐनवेळी इथे जागा मिळेल अशी आशा धरू नये.

दुसरी सरकारी जागा म्हणजे जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स या कर्नाटक सरकारच्या कंपनीचा दांडेलीतला काळी अ‍ॅडव्हेंचर कॅम्प. हा मात्र थेट नदीकाठी आहे. दर कुळगीपेक्षा बराच अधिक आहे, पण त्या दरात जेवण, जंगलातली जीपफेरी आणि गोल टोपलीसारख्या होडीतला फेरफटका धरलेला असतो, आणि त्यासोबत गणवेशातले प्रशिक्षित गाइड मिळतात. आजी-आजोबांना नदी पाहायची आहे, पण चढउतार आणि धावपळ नको आहे, अशा कुटुंबाला मी ही जागा सुचवतो. बसल्या जागेवरून नदी दिसते, झाडी दाट आहे, आणि पक्षी पाहायला दूर जावे लागत नाही. एकच गोष्ट आरक्षणाच्या वेळी स्पष्ट करून घ्यावी: तंबू आणि पक्क्या खोल्या असे दोन्ही पर्याय असतात, तेव्हा वडीलधाऱ्यांसाठी खोली आणि मुलांसह आईवडिलांसाठी तंबू अशी विभागणी मागून घेता येते का, आणि ती दोन्ही निवासस्थाने जवळजवळ मिळतील का. मुलांचे समाधान तंबूने होते आणि म्हाताऱ्या माणसांचे समाधान रात्री उठल्यावर चार पावलांवर असलेल्या न्हाणीघराने होते. दोघांना एकाच छपराखाली कोंबण्याचा आग्रह धरला की कोणाचेच समाधान होत नाही.

याच कंपनीचे गणेशगुडीतले ओल्ड मॅगझिन हाउस हे ठिकाण पक्षीनिरीक्षकांमध्ये प्रसिद्ध आहे. सुपा धरणाच्या बांधकामाच्या वेळी स्फोटके साठवण्यासाठी बांधलेल्या कोठारावरून त्याला हे नाव पडले. आवारात पक्ष्यांसाठी पाण्याच्या उथळ थाळ्या मांडलेल्या असतात आणि त्यांच्यासमोर छायाचित्रकार तासन् तास गप्प बसून असतात. घरात पक्ष्यांचे वेड लागलेला किशोरवयीन मुलगा किंवा मुलगी असेल तर इथला एक मुक्काम त्याला आयुष्यभर पुरेल. पण पाच वर्षांच्या चळवळ्या मुलाला इथे आणणे हा त्या मुलावर आणि त्या छायाचित्रकारांवर, दोघांवरही अन्याय आहे.

खासगी कॅम्प मात्र असंख्य आहेत आणि गणेशगुडी, दांडेली, जोयडा या त्रिकोणात त्यांची संख्या वाढत चालली आहे. बहुतेक कुटुंबे शेवटी यांच्यातच राहतात, म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. यांतले काही कॅम्प खरोखर उत्तम आहेत: स्थानिक कुटुंबाने स्वतःच्या सुपारीच्या बागेत किंवा शेताच्या कडेला पाच-सहा तंबू आणि दोन खोल्या उभारलेल्या, मालक स्वतः पाहुण्यांसोबत जेवायला बसणारा, आणि गाइड म्हणून काम करणारा मुलगा त्याच जंगलात लहानाचा मोठा झालेला. तर काही कॅम्प म्हणजे मैदानात दाटीवाटीने ठोकलेले बिनखाटेचे तंबू, मधोमध स्पीकरची भिंत आणि शनिवारी संध्याकाळी येऊन रविवारी दुपारी जाणारी मोठमोठी टोळकी. दोघांची जाहिरातीतली छायाचित्रे सारखीच असतात आणि दरातही फार अंतर नसते, हीच खरी अडचण आहे.

अशाच एका खासगी कॅम्पवर आम्हाला मुलांच्या मापाची लाइफ जॅकेटे मिळाली नाहीत. मोठ्यांची जॅकेटे पट्टे आवळून मुलांना चालतील, असे तिथल्या माणसाचे म्हणणे होते. ते साफ चुकीचे आहे. मोठ्या मापाचे जॅकेट घातलेले मूल पाण्यात पडले तर जॅकेट वर सरकते, कानांपर्यंत येते आणि मूल त्यातून खाली निसटू शकते. म्हणून लहान मुलांच्या जॅकेटला दोन मांड्यांमधून येणारा पट्टा असावा लागतो. तपासण्याची रीत सोपी आहे: मुलाला जॅकेट घालून सगळे पट्टे लावावेत आणि खांद्यांपाशी धरून वर उचलून पाहावे. जॅकेट हनुवटीच्या वर गेले तर ते माप त्या मुलाचे नाही. आम्ही त्या दिवशी पाण्यात उतरलो नाही आणि भरलेले पैसेही परत मिळाले नाहीत, परंतु त्याबद्दल हळहळ वाटण्याचे कारण नाही. आता आरक्षण करतानाच मी मुलांचे वजन सांगून त्या मापाच्या जॅकेटचे छायाचित्र मागवतो, आणि चांगले कॅम्पचालक ते आनंदाने पाठवतात.

राफ्टिंगचा लांब टप्पा हा लहान मुलांचा खेळ नाही. जबाबदार चालक साधारणपणे चौदा वर्षांखालील मुलांना त्यावर घेत नाहीत आणि ही मर्यादा योग्यच आहे. मुलांसाठी संथ पाण्यातला छोटा फेरफटका, कयाक किंवा गोल होडी पुरेशी असते. एका राफ्टमध्ये किती माणसे बसवतात, शिरस्त्राण देतात का, आणि सोबत बचावासाठी वेगळा कयाक असतो का, हे काठावर उभे राहून आधीच्या तुकडीकडे पाहिले तरी कळते. गर्दीच्या सुट्टीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे चढवण्याचा मोह चालकांना होतो; अशा वेळी रांगेतून बाहेर पडण्याची तयारी ठेवावी. जकूझी म्हणून जी जागा दाखवतात ती म्हणजे खडकांच्या फटीतून जोरात येणाऱ्या पाण्यात बसणे. मोठ्यांना त्यात मजा वाटते, पण तिथले खडक शेवाळाने निसरडे असतात आणि प्रवाह विसर्गाप्रमाणे बदलतो, त्यामुळे लहान मुलांना तिथे नेण्याचे कारण मला दिसत नाही.

रात्रीच्या आवाजाबद्दल इथे ठाम भूमिका घ्यावीशी वाटते. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. हा परिसर व्याघ्र प्रकल्पाच्या सान्निध्यात आहे. २००७ साली दांडेली-अणशी या नावाने तो घोषित झाला आणि २०१५मध्ये त्याला काळी व्याघ्र प्रकल्प हे नाव मिळाले; त्याचा विस्तार सुमारे १,३०० चौरस किलोमीटर आहे. अशा जंगलाच्या कुशीत मध्यरात्रीपर्यंत स्पीकर वाजवणे हा पाहुण्यांच्या झोपेपुरता मर्यादित प्रश्न राहत नाही. आरक्षणापूर्वी ‘शनिवारी रात्री संगीत किती वाजता बंद होते’ असा थेट प्रश्न विचारावा, आणि शक्य असेल तर शनिवार टाळून रविवार ते मंगळवार असा मुक्काम ठरवावा. तोच कॅम्प आठवड्याच्या मध्यावर पाहिला तर ओळखू येत नाही, इतका शांत आणि सुखद असतो; दरही बहुधा कमी होतो.

तंबू निवडताना मी आधी जमिनीकडे पाहतो. या भागात मण्यार आहे, आणि मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावण्याच्या घटना तिच्याच बाबतीत अधिक घडतात; चावा इतका बारीक असतो की पुष्कळदा जागही येत नाही. म्हणून चौथऱ्यावर उभारलेला, तळाचे कापड भिंतींना शिवलेला, पूर्ण बंद होणारी चेन असलेला आणि आत खाटा असलेला तंबूच मुलांसाठी घ्यावा. मच्छरदाणी गादीखाली खोचून घेतली की आणखी एक संरक्षण मिळते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर आपल्याकडची प्रतिसर्पविष लस गुणकारी आहे. पश्चिम घाटातल्या, झाडाझुडपांवर राहणाऱ्या चापड्यासारख्या विषारी सापांचा तिच्यात समावेश नाही. त्यामुळे झाडीत हात घालू नये, फांद्यांना धरून चढू नये, हे मुलांना आधीच सांगितलेले बरे. कोणाला चावा झालाच तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे लागते. दांडेलीत प्राथमिक उपचार मिळतात, मोठ्या रुग्णालयांसाठी धारवाड साधारण ५५-६० किलोमीटर, हुबळी सुमारे ७५ किलोमीटर आणि बेळगाव त्याहून थोडे दूर आहे. जोयड्याच्या आतल्या भागात मोबाइलला रेंज नसते, म्हणून रात्री कॅम्पवर चालकासह गाडी उभी असते का, हा प्रश्न विचारायला संकोच करू नये.

गोचिडीविषयी जाहिराती आणि पर्यटकांचे अभिप्राय दोन्ही गप्प असतात. कर्नाटकातल्याच शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात १९५७ साली ओळखला गेलेला माकडताप उत्तर कन्नडच्या काही भागांत आढळतो. आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसरालाही त्याची झळ बसली आहे. तो गोचिडीमार्फत पसरतो आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका पर्यटनाच्या महिन्यांशी जुळणारा आहे. घाबरून सहल रद्द करण्याचे कारण नाही. जंगलात फिरताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत, वाळल्या पाल्यावर बसू नये, परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ करून मुलांचे कान, काखा आणि गुडघ्यांच्या मागचा भाग नीट तपासावा, आणि मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला कळवावे. घरी परतल्यानंतर आठवडाभरात कोणाला ताप आलाच तर डॉक्टरांना या भागात जाऊन आल्याचे आवर्जून सांगावे. ज्या कॅम्पचे आवार झाडलेले असते, तंबूंभोवती पालापाचोळा साठू दिलेला नसतो आणि सकाळ-संध्याकाळ गरम पाणी मिळते, तो कॅम्प या बाबतीतही उजवा ठरतो.

जेवणाबाबत माझे मत बहुतेक परीक्षणांपेक्षा वेगळे आहे. मोठ्या कॅम्पांत बुफेच्या टेबलावर पनीर, नूडल्स आणि गुलाबजाम यांची रेलचेल असते आणि ती पुण्यामुंबईच्या कोणत्याही हॉटेलात मिळते तशीच असते. जोयड्यातल्या कुणबी कुटुंबांच्या छोट्या होमस्टेमध्ये जेवण पानात वाढतात: उकड्या तांदळाचा भात, सोलकढी, तंबळी, घरच्या परसातली भाजी आणि हंगाम असेल तर उकडलेले कंद. जोयड्याचे कंद प्रसिद्ध आहेत आणि हिवाळ्यात तिथे कंदांचा मेळाही भरतो. मुले नवे पदार्थ खात नाहीत, हा समज अशा घरी खोटा ठरतो, कारण चुलीजवळ बसून कंद भाजताना पाहिलेले मूल तो चाखल्याशिवाय राहत नाही. अगदी लहान बाळ असेल तर दूध, मऊ भात आणि उकळलेले पाणी वेळी-अवेळी मिळेल का, हे विचारून घ्यावे. होमस्टेमध्ये ते सहज मिळते, मोठ्या कॅम्पात स्वयंपाकघर नऊनंतर बंद झालेले असू शकते. नदीची ओढ थोडी बाजूला ठेवता येत असेल, तर चार वर्षांखालील मुलांसाठी मी असा होमस्टेच निवडीन.

या खोऱ्याचे खरे वैभव धनेश पक्षी आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणत्याही पॅकेजची गरज नाही. मलबारी कवड्या धनेश, महाधनेश, मलबारी राखी धनेश आणि साधा राखी धनेश अशा चारही जाती इथे दिसतात. २०११ साली त्यांच्यासाठी ५२.५ चौरस किलोमीटरचे खास संवर्धन क्षेत्र घोषित झाले. दांडेलीच्या लाकूड डेपोच्या परिसरात सकाळी कवड्या धनेशांचे थवे येतात. उन्हाळ्याच्या तोंडावर मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर कित्येक आठवडे एका अरुंद फटीतून तिला आणि पिलांना फळे भरवतो. ही हकीकत मुलांना आधी सांगून मग पहाटे उठवावे; त्यानंतर ती झिपलाइनची आठवणही काढत नाहीत. त्यामुळे कॅम्पवर पक्ष्यांची माहिती असलेला स्थानिक माणूस आहे का, ही चौकशी मी पोहण्याच्या तलावाच्या चौकशीआधी करतो.

हंगामाचा हिशेब सोपा आहे. जून ते सप्टेंबर पाण्यातले खेळ बंद असतात, जंगलातल्या वाटा जळवांनी भरतात आणि पश्चिमेकडे कॅसलरॉकच्या बाजूला तर पाऊस अखंड कोसळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ कुटुंबांसाठी सर्वांत चांगला. पहाटे स्वेटर लागतोच, आणि तंबूत राहणार असाल तर पातळ रजयांवर विसंबून न राहता घरून एखादे जाड पांघरूण नेलेले बरे. मार्चपासून दुपारी तंबू तापतात, त्यामुळे सावलीतल्या तंबूचा आग्रह धरावा, किंवा सरळ खोली घ्यावी.

मुलांचा दर, गाडी चालवणाऱ्याच्या राहण्या-जेवणाची सोय, खेळांचे पैसे पॅकेजमध्ये आहेत की वेगळे, आणि पाण्याची पातळी प्रतिकूल असल्यामुळे राफ्टिंग रद्द झाले तर परतावा मिळतो का, एवढ्या चार गोष्टी आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी लेखी मागाव्यात. परताव्याची अट यांत सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ती नसली की पैसे वाया जाऊ नयेत म्हणून नको त्या वेळी मुलांना पाण्यात उतरवण्याचा दबाव आईवडिलांवरच येतो. ही अट मान्य करून तसे लिहून देणारे कॅम्प गणेशगुडीकडेही आहेत. माझ्या यादीत ते कुळगीच्या खालोखाल येतात.